खोट्या सभेंतलें खरें भय

१८९६ सालच्या सप्टेंबर महिन्यांत मुंबईंत एक जाहीर सभा भरली होती. दक्षिण आफ्रिकेंत राहणाऱ्या हिंदी लोकांचीं गाऱ्हाणीं ऐकण्यासाठीं सभागृह माणसांनीं फुलून गेलें होतें. बोलणारा होता एक सव्वीस वर्षांचा बॅरिस्टर. मुंबईच्या सभेंत आयत्या वेळीं सुचेल तें बोलून भागावयाचें नाहीं, भाषण लिहून व छापून तयार ठेवावें, असा इशारा सर फिरोजशहा मेहता यांनीं त्याला आधींच दिला होता. आणि त्याप्रमाणें भाषण तयारहि होतें. परंतु तें वाचावयास तो उभा राहिला मात्र, त्याचें अंग कापूं लागलें. जवळच बसलेले फिरोजशहा त्याला मोठ्यानें बोलण्याविषयीं पुन्हां पुन्हां धीर देत होते, आणि प्रत्येक प्रोत्साहनागणिक त्याचा आवाज अधिकच खोल जात होता. अखेर केशवराव देशपांडे हे त्याचे मित्र मदतीस धांवले व त्यांनीं भाषण हातीं घेतलें. पण श्रोत्यांनीं दिनशा वाच्छांच्या नांवाचा पुकारा सुरू केला. तेव्हां वाच्छा उठले, आणि त्यांच्या तोंडून तें भाषण सभेनें तन्मयतेनें ऐकलें. त्या बॅरिस्टरचें नांव मोहनदास करमचंद गांधी. ही हकीकत पुढें त्यांनीं स्वतःच आपल्या आत्मकथेंत लिहून ठेविली आहे.

असा प्रसंग त्यांच्यावर पहिल्यानेंच आला होता असें नाहीं. त्यापूर्वीं कांहीं वर्षें याच मुंबईंतील स्मॉल कॉज कोर्टांत उलटतपासणीसाठीं ते उभे राहिले होते; डोकें गरगरूं लागलें, एकहि प्रश्न सुचेना, तेव्हां घेतलेले तीस रुपये पक्षकाराला परत करून ते कोर्टाबाहेर पडले. मात्र या दोन प्रसंगांच्या दरम्यान, १८९३ सालीं, प्रिटोरियांतील हिंदी व्यापाऱ्यांच्या एका बैठकींत त्यांनीं व्यापारांतील सचोटीवर चांगलें भाषण केलें होतें. आपल्या आयुष्यांतील पहिलें जाहीर भाषण म्हणून त्यांनीं त्याचाच उल्लेख केला आहे. म्हणजे जी वाणी प्रिटोरियाच्या बैठकींत मोकळी झाली, तीच तीन वर्षांनीं मुंबईच्या सभागृहांत आटली. त्या दिवशीं वाच्छांसारखा मनुष्य सभेंत नसता, तर हजारों माणसांचें दुःख त्या छापील कागदावरच राहिलें असतें.

सभेचें भय हें असें आहे. तें केवळ अडाण्याला किंवा भित्र्यालाच गांठतें असें नाहीं. ज्ञान असतें, विषयाची तळमळ असते, शब्दहि तयार असतात. परंतु शेंकडों डोळे एकदम आपल्याकडे वळले कीं छाती धडधडूं लागते, घसा कोरडा पडतो आणि जिभेचें वळण नाहींसें होतें. वर्गांत उत्तर ठाऊक असून हात वर न करणारी मुलगी, मुलाखतींत स्वतःचें नांवहि नीट न सांगतां येणारा उमेदवार, ज्याचें म्हणणें रास्त असतांहि मंडळाच्या सभेंत खालीं मान घालून बसणारा सभासद, हे सारे या भयाचे बळी होत. त्यांचें नुकसान होतेंच. पण जें ऐकावयास पाहिजे होतें तें ऐकावयास मिळालें नाहीं, हें समाजाचेंहि नुकसान होय.

या भयावर उतारा म्हणून गेल्या पाव शतकाहून अधिक काळांत एक नवें साधन पुढें आलें आहे. त्याला आभासी वास्तव, अथवा रूढ शब्दांत व्हर्च्युअल रिअॅलिटी, असें म्हणतात. डोळ्यांवर एक जाडसर चष्म्यासारखें यंत्र बांधावयाचें. त्यांत दोन डोळ्यांपुढें दोन किंचित् निरनिराळीं चित्रें असतात, आणि तीं एकत्र होऊन खोली असलेलें दृश्य उभें राहतें. मान वळविली कीं यंत्र ती हालचाल टिपतें व त्याच क्षणीं चित्रहि त्या मानानें वळतें. अशा रीतीनें मनुष्य घरांतल्या खुर्चीजवळ उभा असूनहि भरलेल्या सभागृहाच्या व्यासपीठावर उभा असल्यासारखा होतो. समोर श्रोते बसलेले दिसतात. त्यांतला एकहि जिवंत नसतो. त्यांच्यापुढें बोलून बोलून जिवंत माणसांपुढें बोलण्याचें धैर्य कमवावयाचें, अशी ही कल्पना आहे.

साधन नवें, परंतु युक्ति फार जुनी आहे. खऱ्या सभेचें भय जावें म्हणून खोटी सभा उभी करणें हा उद्योग मनुष्य अडीच हजार वर्षांपासून करीत आला आहे. त्या उद्योगाचा इतिहास पाहिला म्हणजे या नव्या यंत्राकडून काय मिळण्यासारखें आहे आणि काय नाहीं, याचा उलगडा होतो.

ग्रीस देशाचा विख्यात वक्ता डेमॉस्थेनीस याचा जन्म इ. स. पूर्व ३८४ मधला. पहिल्यानें तो अथेन्सच्या लोकसभेपुढें उभा राहिला, तेव्हां लोक त्याला हंसले. त्याचा आवाज क्षीण होता, उच्चार अस्पष्ट होते, आणि वाक्य पुरें होण्यापूर्वींच त्याचा श्वास संपे. पुढें सॅटिरस नांवाच्या नटानें त्याला उच्चारांचें व अभिनयाचें महत्त्व पटवून दिलें असें प्लूटार्क सांगतो. मग डेमॉस्थेनीसनें जमिनीखालीं एक अभ्यासाची खोली बांधविली. तेथें तो दोन-दोन तीन-तीन महिने राही. आणि मोह झाला तरी बाहेर पडतां येऊं नये म्हणून डोक्याची एकच बाजू भादरून घेई. तोंडांत खडे धरून बोलणें, चढावर धांवतां धांवतां कविता म्हणणें, मोठ्या आरशासमोर उभें राहून भाषण करणें, हे त्याचे अभ्यास प्रसिद्धच आहेत.

परंतु या सर्वांत मार्मिक असा एक अभ्यास रोमन पंडित क्विंटिलियन यानें नमूद केला आहे. डेमॉस्थेनीस समुद्रकिनाऱ्यावर जाई आणि जेथें लाटा मोठ्यानें फुटत तेथें उभा राहून बोले. हेतु असा कीं, सभेच्या गलबल्यानें दचकावयाचें नाहीं अशी मनाला संवय व्हावी. आरशांत वक्ता स्वतःला पाहतो, पण आरसा गोंगाट करीत नाहीं. लाटा गोंगाट करितात. त्या कोणाचें ऐकत नाहींत आणि कोणासाठीं थांबतहि नाहींत. डेमॉस्थेनीसनें लाटांचीच सभा भरविली असें म्हणावयास हरकत नाहीं. आजच्या आभासी सभागृहाची मूळ कल्पना त्या किनाऱ्यावर सांपडते.

तरीहि त्या अभ्यासाला मर्यादा होती. इ. स. पूर्व ३४६ मध्यें अथेन्सच्या वकिलांचें एक मंडळ मॅसिडोनियाचा राजा फिलिप याच्याकडे गेलें, त्यांत डेमॉस्थेनीस होता. तोंवर त्याची कीर्ति सर्वत्र पसरली होती. राजासमोर मात्र तो दोन-चार वाक्यें बोलला न बोलला तोंच अडखळला व गप्प झाला. फिलिपनेंच त्याला धीर देऊन पुन्हां बोलावयास सांगितलें. तरी गाडी पुढें सरकेना. ही हकीकत त्याचा हाडवैरी ईस्किनीस यानें सांगितलेली आहे, तेव्हां तींत थोडा मीठमसाला असावयाचाच. परंतु लाटांपुढें व लोकसभेपुढें निर्भय झालेला मनुष्य राजदरबारांत अडखळावा, यांत अशक्य असें कांहीं नाहीं.

रोमन लोकांनीं हा अभ्यास एकट्याच्या गुहेंतून काढून शाळेंत आणला. तेथें मुलांना काल्पनिक खटले देत. जुलमी राजे, समुद्रावरचे चांचे, वारसा नाकारणारे बाप, अशा कल्पित पक्षकारांच्या वतीनें मुलें आवेशानें बोलत. गुरु आणि सोबती ऐकत. या शाळांतून उत्तम वक्ते निघाले. पण याच पद्धतीची कसोटी पाहणारी एक गोष्ट थोरल्या सेनेकानें आणि पुढें क्विंटिलियननेंहि सांगून ठेविली आहे. पोर्शियस लॅट्रो हा अशा शालेय वक्तृत्वाचा सर्वश्रेष्ठ आचार्य मानला जाई. एकदां स्पेनमध्यें आपल्या एका नातेवाइकाच्या खटल्यांत त्याला खरोखरीच्या न्यायासनापुढें बोलावें लागलें. न्यायासन उघड्या चौकांत मांडलेलें होतें. वर आकाश, चारी बाजूंनीं मोकळी हवा. लॅट्रो गोंधळला, पहिल्याच वाक्यांत त्यानें व्याकरणाची चूक केली, आणि न्यायसभा उचलून छपराखालच्या दालनांत नेईपर्यंत त्याचें चित्त ठिकाणावर आलें नाहीं. ज्याची सारी विद्या चार भिंतींच्या आंत वाढली, त्याला आकाशच परकें झालें.

लॅट्रोची ही गोष्ट हंसण्यावारी नेण्यासारखी नाहीं. सरावाच्या जागेंत कमावलेलें धैर्य खऱ्या जागेचा उंबरठा ओलांडून येतें कीं नाहीं, हा या साऱ्या इतिहासांतील मूळ प्रश्न आहे, आणि तो लॅट्रोच्या गोष्टींत प्रथम स्पष्टपणें उभा राहतो. फिलिपच्या दरबारांत डेमॉस्थेनीसपुढें तोच प्रश्न होता. प्रिटोरियाहून मुंबईस आलेल्या गांधींपुढेंहि तोच होता.

या प्रश्नाचा शास्त्रीय विचार होण्यास विसावें शतक उजाडावें लागलें. १९२४ सालीं अमेरिकेंत, एकमेकींशीं कांहीं संबंध नसलेल्या, दोन गोष्टी घडल्या. कॅलिफोर्नियांतील सांता आना गांवीं राल्फ स्मेडली यांनीं वाय. एम. सी. ए.च्या इमारतींत एक मंडळ सुरू केलें. सभासदांनीं पाळीपाळीनें उभें राहून बोलावयाचें आणि इतरांनीं तें सहानुभूतीनें ऐकून गुणदोष सांगावयाचे, असा त्याचा क्रम होता. पुढें जगभर पसरलेल्या टोस्टमास्टर्स मंडळांचा तो उगम होय. त्याच वर्षीं मेरी कव्हर जोन्स या विदुषीनें पीटर नांवाच्या एका लहान मुलाची हकीकत प्रसिद्ध केली. त्याला सशाचें भय वाटे. तो आवडीचा खाऊ खात असतांना ससा थोडा थोडा जवळ आणीत गेल्यानें तें भय हळूहळू मावळलें. भय हें उपदेशानें जात नाहीं. ज्याचें भय वाटतें त्याच्या सान्निध्यांत, सोसवेल इतक्या मापानें, राहिल्यानें तें जातें, असा या प्रयोगाचा बोध होता.

याच सूत्रावर दक्षिण आफ्रिकेंतील मानसोपचारतज्ज्ञ जोसेफ वोल्पे यांनीं आपली पद्धति बसविली आणि १९५८ सालीं ती ग्रंथरूपानें मांडली. रोग्यानें प्रथम शरीर सैल सोडावयास शिकावयाचें. मग भयाच्या प्रसंगांची सौम्यापासून उग्रापर्यंत एक शिडी तयार करावयाची. आणि शांत चित्तानें एकेका पायरीची मनांत कल्पना करीत वर चढावयाचें. सभेच्या भयावर ही पद्धति कितपत लागू पडते याची परीक्षा गॉर्डन पॉल यांनीं इलिनॉय विद्यापीठांत वक्तृत्वाचा वर्ग घेणाऱ्या विद्यार्थ्यांवर केली. तिचा वृत्तांत १९६६ सालीं प्रसिद्ध झाला. कांहीं विद्यार्थ्यांना भयाच्या मूळ कारणांचें विवेचन ऐकविण्यांत आलें, कांहींना नुसता धीर व लक्ष देण्यांत आलें, कांहींना वोल्पे यांच्या शिडीवरून नेण्यांत आलें, आणि कांहींना उपचाराविना ठेवण्यांत आलें. शेवटीं खऱ्या श्रोत्यांपुढें भाषण करावयास लावून त्यांच्या हातांचा कंप, नाडी व तळहाताचा घाम हीं सुद्धां तपासण्यांत आलीं. शिडी चढलेले विद्यार्थी सर्वांत पुढें निघाले.

मात्र या पद्धतींत एक अडचण होती. सभागृह उभें राहावयाचें तें रोग्याच्या मनांत. कोणाची कल्पनाशक्ति दुबळी, तर कोणी भयाचा क्षण जवळ येतांच मनांतल्या मनांत पळ काढणारा. आणि समोर बसलेल्या वैद्याला तें चित्र दिसण्याचा मार्ग नाहीं. खरे श्रोते जमवावे, तर ते रोज कोठून आणावयाचे? आणि ज्याला चार माणसांचेंच भय, तो मुळांत चार माणसांच्या मंडळांत पाऊल कसें टाकणार? सभा मनाबाहेर दिसावी, पण ती माणसांची नसावी, अशा साधनाची ही गरज होती.

तें साधन दुसऱ्याच वाटेनें तयार होत होतें. १८३८ सालीं चार्ल्स व्हीट्स्टन यांनीं दोन डोळ्यांना दोन चित्रें दाखवून खोलीचा भास निर्माण करणारें यंत्र विद्वानांपुढें मांडलें होतें. १९२९ च्या सुमारास एडविन लिंक या ऑर्गन बनविणाऱ्या घराण्यांतील तरुणानें ऑर्गनच्या भात्यांवर डोलणारें खोटें विमान तयार केलें. १९३४ सालीं टपाल वाहून नेणारे अमेरिकी लष्करी वैमानिक खराब हवेंत एकामागून एक मरण पावले, तेव्हां लष्करानें हीं यंत्रें विकत घेतलीं. जमिनीवर चुकावें म्हणजे आकाशांत चुकावयाचें नाहीं, हें तत्त्व तेथें सिद्ध झालें. आभासी वास्तव या शब्दजोडीचें मूळ तर रंगभूमीवरच आहे: फ्रेंच नाट्यविचारक आंतोनँ आर्तो यांनीं १९३८ सालच्या आपल्या ग्रंथांत ती नाटकाच्या जगासाठीं वापरली होती. पुढें १९८० नंतरच्या दशकांत जॅरन लॅनियर यांनीं ती संगणकाच्या संदर्भांत रूढ केली.

दरम्यान १९६८ सालीं आयव्हन सदरलँड आणि त्यांचे विद्यार्थी यांनीं डोक्यावर चढवावयाचें पहिलें संगणकी दृश्ययंत्र चालवून दाखविलें. त्यांत दिसत असे तें नुसत्या रेषांचें चित्र. पण मान वळतांच तें चित्र बदले. मानेची हालचाल टिपणारा त्याचा सांगाडा छतापासून टांगलेला होता, म्हणून त्याला डॅमोक्लीसची तलवार असें नांव पडलें. जुन्या कथेंतील डॅमोक्लीस सिंहासनावर बसला, परंतु डोक्यावर घोड्याच्या एका केंसानें टांगलेली तलवार दिसतांच त्याचें सारें सुख नाहींसें झालें. व्यासपीठावर चढलेल्या भित्र्या वक्त्याची स्थिति याहून वेगळी नसते.

या यंत्राचा उपयोग भयनिवारणासाठीं होऊं शकेल हें प्रथम उंचीच्या भयाविषयीं दिसून आलें. बार्बरा रॉथबॉम, लॅरी हॉजेस व त्यांचे सहकारी यांनीं अमेरिकेंतील अटलांटा शहरीं विद्यार्थ्यांना आभासी पूल, सज्जे व उद्वाहक दाखवून उपचार केले आणि १९९५ सालीं त्याचा वृत्तांत प्रसिद्ध केला. त्यांत एक लक्षणीय गोष्ट होती. उपचार पुरा केलेल्या दहा जणांपैकीं सात जण, कोणी न सांगतां, आपण होऊन खऱ्या उंच जागीं जाऊन आले होते. लॅट्रोला जो उंबरठा ओलांडतां आला नाहीं, तो यांनीं ओलांडला होता. त्यानंतर थोड्याच वर्षांत त्याच शहरांतील क्लार्क अटलांटा विद्यापीठांत मॅक्स नॉर्थ व त्यांच्या सहकाऱ्यांनीं आभासी सभागृह तयार केलें आणि १९९८ सालीं सभेच्या भयावरील उपचाराचा आपला वृत्तांत मांडला.

तथापि एक शंका उरलीच होती. पूल उंच आहे तो उंचच. त्याला मन नसतें. सभेचें भय हें इमारतीचें नसून माणसांच्या मनांतील आपल्याविषयींच्या मताचें आहे. चित्रांतल्या बाहुल्यांना मत कोठून असणार? मग त्यांचें भय कां वाटावें? या शंकेची परीक्षा लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजांत मेल स्लेटर, डेव्हिड-पॉल पर्टॉब आदि संशोधकांनीं केली. १९९९ सालीं त्यांचा पहिला लेख आला, आणि २००२ सालीं मोठ्या प्रयोगाचा वृत्तांत. चाळीस जणांनीं आठ आभासी पुरुषांपुढें पांच पांच मिनिटें भाषण केलें. कांहींच्या वांट्याला निश्चल बसलेले श्रोते आले, कांहींच्या वांट्याला कौतुकानें ऐकणारे, आणि कांहींच्या वांट्याला कंटाळलेले व वैरभाव दाखविणारे. निष्कर्ष विचार करावयास लावणारा होता. वैरी श्रोत्यांपुढें सर्वांच्याच मनांत अस्वस्थता उत्पन्न झाली. एरवीं जे सभाधीट होते तेहि त्यांतून सुटले नाहींत.

त्या आठ पुरुषांना मन नाहीं हें प्रत्येक वक्त्याला ठाऊक होतें. परंतु बुद्धीनें जाणलेली गोष्ट छातीच्या ठोक्यांपर्यंत पोंचलीच नाहीं. स्लेटर यांनीं पुढें २००९ सालीं याची मीमांसा करतांना दोन भ्रम सांगितले: आपण त्या स्थळीं आहों हा एक, आणि तेथें घडतें आहे तें खरोखर घडतें आहे हा दुसरा. हे दोन्ही टिकले म्हणजे मनुष्य खऱ्यासारखा वागतो, मग चित्र कितीहि ओबडधोबड असो. सभा खोटी, पण भय खरें. आणि भय खरें असल्यामुळेंच तेथें कमावलेलें धैर्यहि खरें असण्याचा संभव निर्माण झाला.

याचें कारण समजणें कठीण नाहीं. सभेला भिणारा मनुष्य सभा टाळतो. टाळल्याबरोबर त्याला हायसें वाटतें, आणि तें हायसें वाटणेंच त्याला पुढच्या वेळीं पुन्हां टाळावयास शिकवितें. भय अशा रीतीनें पळण्यावर पोसलें जातें. उलट, तो जागेवरच उभा राहिला तर त्याला दिसून येतें कीं, छाती धडधडते तरी वाक्य पुरें होतें. श्रोत्यानें जांभई दिली तरी आकाश कोसळत नाहीं. आभासी सभेंत हा अनुभव हवा तितक्या वेळां घेतां येतो. शेजारीं बसलेला उपचारक श्रोते वाढवितो, कमी करितो. त्यांना उत्सुक करितो किंवा कंटाळलेले करितो. वोल्पे यांची शिडी आतां मनाबाहेर, डोळ्यांपुढें उभी राहते.

परंतु ती खऱ्या सभेच्या सरावाहून वरचढ आहे काय? येथें उत्साहाला थोडा आवर घालणें जरूर आहे. हैफा विद्यापीठांतील हेलेन वॉलक व त्यांच्या सहकाऱ्यांनीं २००९ सालीं ८८ जणांवरील परीक्षेचा निकाल प्रसिद्ध केला. यंत्राच्या साह्यानें दिलेला उपचार आणि यंत्राविना दिलेला नेहमींचा उपचार यांच्या गुणांत फरक आढळला नाहीं. मात्र नेहमींचा उपचार अर्ध्यावर सोडणाऱ्यांची संख्या यंत्राच्या उपचाराहून दुप्पट होती. २०१३ सालीं पेज अँडरसन व त्यांच्या सहकाऱ्यांनीं अटलांटा येथें ९७ जणांची अशीच परीक्षा घेतली. कांहींना आभासी बैठक-खोली, वर्ग व सभागृह देण्यांत आलें. कांहींनीं गटांत बसून एकमेकांपुढें, जिवंत माणसांपुढें, सराव केला. उपचारापूर्वीं व नंतर खरें भाषण करावयास लाविलें. दोन्ही गट उपचाराविना थांबलेल्यांपेक्षां सुधारले, आणि वर्षानंतरहि ती सुधारणा टिकून होती. पण यंत्राचा गट माणसांच्या गटाच्या पुढें गेला नाहीं.

हा निकाल निराशेचा मानण्याचें कारण नाहीं. यंत्र माणसाहून श्रेष्ठ ठरलें नाहीं, पण जेथें माणसें मिळत नाहींत, किंवा जो माणसांपर्यंत पोंचूंच शकत नाहीं, त्याला तें हात देतें. २०१४ सालीं पुठ्ठ्याच्या खोक्यांत फोन बसवून आभासी दृश्य पाहण्याची सोय झाली, आणि २०१६ पासून डोक्यावर चढवावयाचीं चांगलीं यंत्रें बाजारांत सामान्य ग्राहकांसाठीं आलीं. एके काळीं प्रयोगशाळेच्या छताला टांगलेली तलवार अशी घरच्या कपाटांत आली. स्टॉकहोम येथील संशोधकांनीं २०१९ सालीं अशाच बाजारी यंत्रांवर, एकाच प्रदीर्घ बैठकींत दिलेल्या उपचाराचा चांगला निकाल प्रसिद्ध केला. परंतु त्यांनीं त्या बैठकीवरच समाधान मानलें नव्हतें. आभासी सभेंतून खऱ्या सभेकडे जाण्यासाठीं चार आठवड्यांचा क्रम त्यांनीं तिला जोडला होता. यंत्र उंबरठ्यापर्यंत नेतें. तो ओलांडण्याचें काम मनुष्यानेंच करावयाचें, हें त्यांनीं ओळखलें होतें.

आणखीहि एक गोष्ट ध्यानांत ठेविली पाहिजे. निर्भयता म्हणजे वक्तृत्व नव्हे. काय बोलावें, कां बोलावें, आणि केव्हां थांबावें, हें आभासी श्रोते शिकवीत नाहींत. ते रुसत नाहींत, प्रश्नानें कोंडींत पकडीत नाहींत, आणि एखाद्या वाक्यानें त्यांच्या डोळ्यांत पाणीहि उभें राहत नाहीं. सिसेरोनें आपल्या एका संवादांत क्रॅसस या थोर वक्त्याकडून अशी कबुली देवविली आहे कीं, भाषणाच्या आरंभीं आपला चेहरा पांढरा पडतो व सर्वांग कापतें. श्रोत्यांविषयीं आदर असलेल्या वक्त्याच्या मनांत थोडी धाकधूक राहावयाचीच. ती समूळ नाहींशी करणें हें या उपचाराचें ध्येयहि नाहीं. तिच्यासह उभें राहतां यावें, एवढेंच त्याचें ध्येय आहे.

डेमॉस्थेनीस फिलिपपुढें गप्प झाला, तरी त्यानें बोलणें सोडलें नाहीं. त्याच्या वाणीचा खरा प्रताप पुढेंच प्रकट झाला. मुंबईच्या सभेंत ज्यांचा आवाज पुढच्या चार रांगांपलीकडे गेला नाहीं, त्या गांधींचा शब्द पुढें कोट्यवधि लोकांनीं ऐकला. त्यांना लाटांचा किनारा मिळाला नव्हता, आभासी सभागृहहि नव्हतें. एका फजितीनंतर दुसऱ्या सभेंत, दुसरीनंतर तिसऱ्या सभेंत, ते उभे राहत गेले. परंतु सर्वांनाच इतका दम नसतो आणि प्रत्येक सभेंत हात पुढें करणारे देशपांडे आणि वाच्छा नसतात. पहिल्या फजितीनंतर कायमचे गप्प बसणारे अनेक असतात, आणि त्यांचीं गाऱ्हाणीं कागदावरच राहतात. त्यांच्यासाठीं एखादी खोटी सभा उपयोगीं पडत असेल, तर ती भरवावी. मात्र डोळ्यांवरचें यंत्र काढल्यावर ज्या खोलींत दोन-चार खरीं माणसें बसलीं असतील, तिच्या दाराकडे पाऊल वळलें पाहिजे.